अकरा चकत्या

आमच्या प्रयोगशाळेत कोंबडीचं मांस माझ्याइतकं पातळ कोणाला कापता येत नाही, आणि त्याचा मला उगाच गर्व आहे. नमुन्यादाखल दोन मिलिमीटरची चकती मी एकदा खाटकाला दाखवली, तर तो म्हणाला, "एवढ्यात जेवायला कोणाला बोलावलंय बाई? वैऱ्याला?"

हे मांस आम्हाला माणसाच्या अंगाऐवजी लागतं. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम पॉलिमरचे कण बनवतात, इतके बारीक की पाण्यात नुसता काळपटपणा दिसतो. त्यांच्यावर लेझरचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश पडला की ते तापतात. कण कॅन्सरच्या गाठीत सोडायचे, बाहेरून प्रकाश टाकायचा, गाठ आतल्या आत शेकून मरते. अडचण एवढीच की अंगात प्रकाश फार खोल शिरत नाही. किती शिरतो ते मी शोधते. खाली काळ्या पाण्याची कुपी, तिच्यावर चकत्यांची चळत, वरून लेझर. पाणी सदतीस अंशांवरून त्रेचाळिसावर चढलं, तर तेवढ्या खोलीपर्यंत उपचार चालेल असं आम्ही धरतो.

ताईची गाठ कातडीपासून बावीस मिलिमीटरवर होती. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, आयुष्यभर लोकांचे कपडे शिवत आलेली. दोन ऑपरेशनं झाली होती, तिसऱ्याला डॉक्टर तयार नव्हते. रुग्णांवरच्या पहिल्या चाचणीसाठी मॅडमचा अर्ज शुक्रवारी जायचा होता. त्यात एक रकाना होता: गाठ जास्तीत जास्त किती खोल चालेल. त्या रकान्यात बावीस यावं, बाकी मला काही नको होतं. देवाकडेसुद्धा मी हल्ली मिलिमीटरमध्येच मागत होते.

सोमवारी आठ चकत्यांनाच आकडा एकोणचाळिसावर अडला. लेझर वाढवला, तर वरची चकती करपली. बुधवारी मी हट्टाने अकरा लावल्या, म्हणजे बरोबर बावीस मिलिमीटर. ओली चळत सारखी घसरायला लागली, म्हणून वर काच ठेवून दोन्ही बाजूंनी चिमटे लावले. दहा मिनिटांत त्रेचाळीस! कुपी निववून पुन्हा केलं. पुन्हा त्रेचाळीस.

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. मॅडमना सांगायच्या आधी ताईला फोन लावला.

"ताई, बावीसपर्यंत पोचला!"

"कोण पोचला?"

"प्रकाश गं! तुझ्या गाठीपर्यंत!"

ती म्हणाली, "अगं बाई! मग माझं मशीन परत आणायला हवं. देऊन बसलेय शेजारणीला, मी शहाणी."

तिने मशीन देऊन टाकलंय हे मला माहीतच नव्हतं.

चळत मोडताना मॅडमची ताकीद आठवली: चकत्या मोजू नका, चळत मोजा. जाडी मोजायचा कॅलिपर लावला. चौदा मिलिमीटर. चिमट्यांनी मांस दाबलं गेलं होतं, त्याचं पाणी ताटलीत साचलं होतं. कॅलिपर पुसून पुन्हा लावला, तरी चौदा. फोन करून बसले होते. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

चकत्या अकराच होत्या, हे तर खोटं नव्हतं. माझ्या आकड्यावर मॅडम डोळे मिटून सही करतात. बावीस लिहिलं असतं तर ताई चाचणीत आली असती, त्या टेबलावर आशेने आडवी झाली असती, आणि प्रकाश अर्ध्या वाटेतच संपला असता. एवढं कळूनही मी संध्याकाळपर्यंत रकाना कोरा ठेवला. मग चौदा लिहिलं. मला स्वतःचा राग आला, प्रकाशाचा आला, त्या मेल्या कोंबडीचासुद्धा आला.

तिथून तडक ताईकडे गेले. खिडकीशी मशीन येऊन बसलं होतं, तेलपाणीही झालं होतं.

"उभी राहा अशी. तुला थंडीचा कोट शिवते. किती वर्षं तोच घालतेस, बघवत नाही." ती माझ्या मागे गेली, पाठीवर फीत टेकवली.

"ताई, ते बावीस नव्हतं. चौदा होतं. माझी चूक झाली."

फीत थांबली.

"अर्जात काय लिहिलंस?"

"चौदा."

"बरं केलंस," ती म्हणाली. आवाज मात्र तिचा नव्हता. मी तिच्याकडे वळायला गेले, तर तिने माझे दोन्ही खांदे घट्ट धरले. "वळू नकोस. माप चुकेल."

मी भिंतीकडे बघत उभी राहिले. माझ्या पाठीमागे तिने दोनदा नाक ओढलं. मला कोट नको होता. मला ती हवी होती, या थंडीत, पुढच्या थंडीत, त्याच्याही पुढच्या.

"बाह्या पुऱ्या ना?" तिने विचारलं.

"पुऱ्या."

"कधीपर्यंत हवाय?"

"घाई नाही गं," मी म्हटलं. "सावकाश शीव, ताई. खूप सावकाश शीव."