गायमुखाच्या उतारावरचा अबोला

दामिनीचं तोंड एकदा सुरू झालं की थांबत नाही, आणि एकदा बंद झालं की उघडत नाही. जवाहरनगरच्या क्वार्टरांत हे सगळ्यांना ठाऊक. अबोला धरला की ती नवऱ्याला जेवायला वाढायची, पण ताट आदळून.

दरवर्षी हिवाळ्यात एक दिवस नवराबायको सायकली काढून गायमुखाच्या डोंगराकडे जात. लोक हसायचे, या वयात काय हे थेर म्हणायचे. हसू देत. कारखान्यात मशीनवर जन्म घालवलेल्या कुंदनला तेवढीच मोकळी हवा. तो कायम पुढे असायचा आणि ओरडून मागे सांगायचा, "खड्डा", "गिट्टी", "ढोर आहे". यंदा मात्र तुमसरला बसच्या टपावरून सायकली उतरवून निघतानाच म्हणाला, "तू पुढं हो. अन् बोलत राय. चढ समजत नाई मंग."

दामिनीला तेच हवं होतं. इतकी वर्षं 'जरा गप बस' म्हणणारा माणूस आपणहून बोल म्हणतोय, मग काय विचारता! बहिणीच्या नणंदेपासून शेजारणीच्या मिक्सरपर्यंत तिने काही म्हणून सोडलं नाही. वर खड्डेही सांगितले.

डोंगराच्या पायथ्याच्या गावात तिची मामी राहते, चंद्रभागाबाई. दामिनीची हाक ऐकून म्हातारी गोठ्यातून लगबगीने आली. जावयासमोर ती कधी बोलत नाही. पदर सावरून बाजूला उभी राहिली आणि हात जोडले. कुंदन तिच्याकडे न बघता सरळ पुढे गेला आणि खाटेवर बसला. म्हातारीचे हात तसेच जोडलेले राहिले.

दामिनीच्या अंगाचा तिळपापड झाला. चहा तिने तसाच ठेवला. गावाबाहेर येताच ती म्हणाली, "माह्या मामीनं हात जोडले, अन् तुमी पाह्यलंही नाई?"

"मले दिसली नाई."

"एवढी बाई दिसली नाई? माहेरचं कोनी दिसतच नाई तुमाले."

मग ती गप्प झाली. घरी पोचेपर्यंत एक शब्द काढायचा नाही, असं ठरवूनच तिने पायडल मारलं.

चढ अंगावर आला. मागून हाक आली, "दामिनी?" थोड्या वेळाने परत आली. ओ द्यायची नाही म्हणजे नाही. माथ्यावर ती थांबलीसुद्धा नाही. पलीकडचा उतार सागाच्या गर्द सावलीतला, आणि मध्येच मोरीपाशी एकदम वळण. वळण तिने पाहिलं, उखडलेलं डांबर पाहिलं, आणि दात आवळून खाली उतरली.

सपाटीवर ती वाट पाहत बसली. संत्रं सोललं, अर्धं त्याच्यासाठी ठेवलं. तो येईना. ऐंठून, फुगून बसला असेल वर, बसू दे, असं म्हणत तिने ते अर्धंही खाऊन टाकलं. मग मात्र तिचा धीर सुटला आणि ती परत वर चढू लागली.

तो मोरीखालच्या दगडांत पडला होता. हाताचं हाड कातडीबाहेर आलं होतं. ती अगदी शेजारी जाऊन उभी राहिली तरी त्याने मान वळवली नाही.

"दामिनी, तूच हाय ना?"

"अहो, काय झालं हे?"

"काचबिंदू. नागपूरले दाखवलं होतं. समोरचं तेवढं दिसते, बाजूचं सारं गेलं. सावलीत तं समोरचंही नाई. तुह्या आवाजावर येऊन राहिलो होतो."

"मले सांगितलं काहून नाई?"

"सांगितलं असतं तं सायकल काढू देली असती का? अजून एक डाव डोंगर पाहाचा होता."

ओढणी फाडून हात बांधताना तिला पोळ्याच्या वेळचा अबोला आठवला. तेव्हा हा माणूस दिवसच्या दिवस खुर्चीवरून हलला नव्हता, आणि ती स्वयंपाकघरात धुसफुसत होती, केवढी ही ऐंठ म्हणून.

"पोळ्याले तुमी खुर्चीवरच बसून राहिले होते," ती म्हणाली. "ते..."

"तू घरात कुठं हाय तेच समजे ना. धक्का लागला असता तं अजून चिडली असती."

रडत बसायची सोय नव्हती. त्याचा चांगला हात खांद्यावर घेऊन ती चढू लागली. "दगड हाय. पाय उचला. आता माती लागन." रस्त्याच्या कडेला तिने त्याला कसंबसं टेकवलं आणि त्याला चिकटून बसली.

"गाडी येऊन राहिली का?" त्याने विचारलं.

रस्ता दोन्ही बाजूंनी रिकामा होता.

"येते, येते," ती म्हणाली, आणि बोलू लागली. नणंदेचं, मिक्सरचं, सकाळी सांगून झालेलं सगळं पुन्हा. श्वास घ्यायला जराशी थांबली की त्याची बोटं तिच्या खांद्यात रुतायची.