विहिरीचा रिपोर्ट

जयवंतला मी कॉलेजपासून ओळखते, म्हणून सांगते, माणूस वाईट नाही. पण त्या दिवशी त्याच्या हातातला फोन घेऊन त्याच्याच डोक्यात घालावा असं मला वाटलं होतं, आणि घातला असता तर काडीचंही वाईट वाटलं नसतं.

सत्त्याऐंशी साल. भोपाळ होऊन गेलं होतं, पाठोपाठ पर्यावरणाचा नवा कायदा आला आणि कारखानदारांना अचानक आमच्यासारख्यांची गरज पडायला लागली. अंधेरीला मरोळच्या एका गाळ्यात आमची लॅब होती. जयवंत मालक, मी केमिस्ट. सांडपाणी तपासायचं, सल्ला द्यायचा, रिपोर्ट द्यायचा. डॉक्टर लोक काढतात तसा व्यवसायातल्या चुकीचा विमाही जयवंतने काढला होता. आपला सल्ला चुकला आणि कुणी कोर्टात खेचलं, तर भरपाई विमा कंपनी देणार. त्या पॉलिसीचं त्याला कोण कौतुक. आल्या-गेल्याला काढून दाखवायचा.

होळीच्या आसपास शकु आली. आमच्या मागच्या रस्त्याला क्रोम प्लेटिंगचा कारखाना होता आणि त्याच्या भिंतीला लागून चाळ, तिथली ही. हातात औषधाची धुतलेली बाटली, तिच्यात चाळीच्या विहिरीचं पाणी. तिची धाकटी मुलगी लता हॉस्पिटलात होती. उलट्या थांबत नव्हत्या, हातांवर जखमा झाल्या होत्या, लघवी कमी झाली होती.

"डाक्टर म्हनले, पान्यात काय हाय आन् पोरगी कवापासून पितीय ते लिहून आन," ती म्हणाली. "चाळीच्या भिंतीवर तुमचाच कागद लावलाय, बाई. म्हनून हितं आले."

बाटली उजेडात धरली तर पाणी पिवळसर. तपासणीचं द्रावण टाकलं आणि बघता बघता ते जांभळं झालं. म्हणजे क्रोमियम, आणि तेही थोडंथोडकं नाही.

"उकळून देते मी तिला," शकु म्हणाली.

उकळून क्रोमियम जात नाही. उलट पाणी आटतं आणि ते जास्तच दाट होतं. हे मी तिला सांगितलं. त्या विहिरीचं पाणी आजपासून कुणीही तोंडाला लावू नका, असंही सांगितलं. मग तिला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि आत जाऊन फाइल काढली.

रिपोर्ट जयवंतचा होता. मी तेव्हा दिवाळीला गावी, देवगडला गेले होते. विहिरीचं पाणी पिण्यास योग्य, खाली त्याची सही. नमुना घेतल्याची तारीख बघितली आणि माझं टाळकंच सटकलं.

"भाऊबीजेला नमुना घेतलास?"

"कारखान्याच्या शेठने मिठाई न्यायला बोलावलं होतं. म्हटलं, एका फेरीत दोन्ही कामं होतील."

"कारखाना बंद होता ना रे?"

"दिवाळीत बंदच असतो."

"आणि विहीर?"

"शेठने साफसफाई म्हणून उपसून घेतली होती. पण त्या दिवशी पाणी चांगलंच होतं, प्रेमा. माझा रिपोर्ट खोटा नाही."

"मेल्या, तू बाटलीचा रिपोर्ट दिलास की विहिरीचा?"

त्याने विमा एजंट चंद्रप्रकाशला फोन लावला. बराच वेळ नुसतं "हां, हां" चाललं होतं. पलीकडे बाकावर एक आई ताटकळत बसलीय आणि हा एजंटला हां हां करतोय.

फोन ठेवून म्हणाला, "कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय आपली चूक कबूल करायची नाही. अट आहे तशी. केली तर पॉलिसीची वाट लागली. उद्या केस झाली तर लॅब विकावी लागेल मला."

"आणि परवानगी कधी येणार?"

"कागद फिरायला वेळ लागतो गं. दोन-तीन आठवडे."

"पोरगी थांबेल तोवर?"

त्यावर त्याने जे काढलं, त्याने माझं रक्त उसळलं. म्हणाला, "असं कर. आजच्या बाटलीत क्रोमियम आहे, एवढंच लिही. कधीपासून, ते लिहू नको. आपल्याला काय माहीत?"

आपल्याला सगळं माहीत होतं. दिवाळी संपली, कारखाना सुरू झाला, त्याच्या नाल्यातलं पाणी विहिरीत झिरपायला लागलं. तिकडे डॉक्टर नेमकं तेच विचारत होता. पोरीने दोन दिवस प्यायलं की चार महिने, यावर त्याचे उपचार ठरणार होते. आणि हा तेवढंच लपव म्हणत होता. वर समजावणीचा सूर.

मी लेटरहेडला हात घातला तर त्याने ते शिक्क्यासकट ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं. मग मी साध्या कागदावर लिहिलं. पाण्यात क्रोमियम किती ते लिहिलं. दिवाळीनंतर कारखाना सुरू झाल्यापासून ते असणार, हे लिहिलं. आमचा आधीचा रिपोर्ट कारखाना बंद असताना, उपसलेल्या विहिरीवर केलेला होता, तो चुकीचा आहे आणि चूक आमची आहे, हेही लिहिलं. खाली नाव, डिग्री, सही.

"उद्यापासून येऊ नकोस," जयवंत म्हणाला.

"येतंय कोण इथे?"

बाहेर येऊन मी शकुला कागद वाचून दाखवला. जयवंत दारात येऊन उभा राहिला. तिने शांतपणे सगळं ऐकलं.

"म्हंजी दिवाळीपासून," ती म्हणाली.

"हो."

"दिवाळीच्या आधी पोरगी हे पानी पीतच नव्हती, बाई. पिवळं येतंय म्हनून आमी लई बोंब मारली, तवा शेठ रोज टँकर धाडायचा." तिने आमच्या दोघांकडे बघितलं. "तुमचा कागद आला, आन् त्यानं टँकर बंद केला."

जयवंत म्हणाला, "हे मला माहीत नव्हतं."

मी तिच्या हातातला कागद परत घेतला, भिंतीला टेकवला आणि सहीच्या खाली तेही लिहिलं.