मुंबईत उतरायला जागा एकच

मुंबईला त्या दुपारी सोलापूरहून एकच विमान उतरवून घ्यायचं होतं आणि सोलापुरात उभी होती दोन. एक आमच्या भीमाथडी एअरचं, दुसरं बालाघाट एअरवेजचं. दोन्ही पंख्यांवर उडणारी, दोन्ही सारख्याच आकाराची आणि दोन्हींची तिकिटं विकलेली. मुंबईत उतरायची ती वेळ आमची, असं आमचे मालक म्हणत. तुमचं विमान दुरुस्तीला पडलं तेव्हा ती आम्हाला मिळाली, आता ती आमचीच, असं त्यांचे मालक म्हणत. मालकांचे वकील मुंबईत कोर्टात भांडत होते आणि दोन्हीकडचे पायलट होटगी रोडच्या विमानतळावर एकाच खोलीत बसले होते. निकाल ज्याच्या बाजूने लागेल त्याने ताबडतोब उडायचं, म्हणून सगळे गणवेश घालून तयार.

मी त्यातलीच एक. वैष्णवी, गाव केम, तालुका करमाळा. आठवड्यापूर्वी मी कॅप्टन झाले. खांद्यावर चौथी पट्टी लागली, पण ती लावून एकदाही उडाले नव्हते. आज पहिलं उड्डाण. तेही माझ्या जिल्ह्यातून, आणि माझे वडील, आबा, तिकीट काढून बाहेर बसलेले. जन्मात पहिल्यांदा विमानात बसणार होते आणि पोरगी चालवणार म्हणून केमपासून सोलापूरपर्यंत रेल्वेच्या डब्यात सगळ्यांना सांगत आले होते.

आमच्या मालकांनी मात्र सकाळीच फोन करून बजावलं होतं, आज उडालो नाही तर विमान उद्या आसामकडे जाईल. तिकडे कॅप्टन भरपूर होते. म्हणजे मी परत उजव्या खुर्चीत, दुसऱ्या कुणाच्या तरी हाताखाली, आणि मग पुन्हा संधी कधी ते देव जाणे. आमच्या धंद्यात पट्टी मिळते, खुर्ची मिळेलच असं नाही. हे आबांना कसं सांगायचं, याच विचाराने सकाळपासून माझ्या घशाखाली काही उतरलं नव्हतं.

समोरच्या खुर्चीत बालाघाटचे कॅप्टन गुरुलिंग बसले होते. अक्कलकोटचे. मला विमान चालवायला त्यांनीच शिकवलं. तेव्हा ते आमच्या कंपनीत होते. मी पहिल्यांदा विमान जरा जोरात टेकवलं तेव्हा त्यांनी उतरल्यावर वाकून चाकं आहेत का ते बघितलं होतं, सगळ्यांच्या देखत. असा खवट माणूस. पण जे शिकवलं ते हाडात गेलं.

आता आम्ही शत्रू. दोन्ही कंपन्यांनी ताकीद दिली होती की खटला चालू असेपर्यंत समोरच्या पायलटांशी अवाक्षर बोलायचं नाही. त्यामुळे गंमत अशी झाली की सर त्यांच्या सहवैमानिक काव्याला सांगत, काव्या माझ्या सहवैमानिकाला, वरदला, सांगे आणि वरद मला सांगे, की पंखा जरा कमी करा. पंख्याचं बटण माझ्या डोक्यावर. मी तो आणखी वाढवला. राग माझ्या नाकावरच असतो, आणि त्या दिवशी तर पोटातही दुसरं काही नव्हतं.

खोलीत नुसती धुसफूस. वरदचा एक मित्र कोर्टात होता, तो मिनिटामिनिटाला कळवत होता. न्यायमूर्ती चिडलेत. आमचा वकील बोलतोय. त्यांचा वकील बोलतोय. दोघे एकदम बोलताहेत. काव्या नखं खात होती. वरद उभा राहायचा, बसायचा, परत उभा राहायचा. खिडकीतून दोन्ही विमानं शेजारी शेजारी दिसत होती आणि त्यांच्या पलीकडे माळावर ऊन नुसतं थरथरत होतं.

मग तो निरोप आला. सुनावणी उद्यावर. आज कुणीच उडणार नाही.

उद्यावर म्हणजे माझ्यासाठी कधीच नाही. वरदने माझ्याकडे बघायचं टाळलं. सरांनी मात्र सुटल्यासारखा श्वास सोडला, बॅगेतून डबा काढला आणि खोलीच्या मधोमध टेबलावर उघडून ठेवला. कडक भाकरी, शेंगांची चटणी, वर दही. कंपन्या गेल्या खड्ड्यात, उडायचंच नाही तर जेवायला काय हरकत, असं म्हणत त्यांनी पहिल्यांदा थेट मला हाक मारली. काव्या आणि वरद तर वाटच बघत होते. तिघांच्या भाकऱ्या एकाच चटणीत बुडायला लागल्या.

मी नको म्हटलं. सरांनी पुन्हा आग्रह केला, तेव्हा मी जरा जास्तच तोडून बोलले, की तुमचं पोट भरा, माझं विमान आसामला चाललंय. सरांनी डबा काव्याकडे सरकवला. मला लगेच वाईट वाटलं, पण तोंडातून गेलेला शब्द काही परत घेता येत नाही.

डबा रिकामा होतो न होतो तोच वरदचा फोन वाजला. तो ऐकत गेला आणि त्याचे डोळे मोठे होत गेले. न्यायमूर्तींनी वकिलांना परत आत बोलावलं होतं. माणसं सकाळपासून सामान घेऊन विमानतळावर बसलीत आणि तुम्ही तारखा कसल्या मागता, म्हणून दोघांनाही झाडलं होतं. मग आपसात ठरलं: पुढची सुनावणी होईपर्यंत एक दिवस आड एकेका कंपनीने उडायचं. आज कुणी, यावर पुन्हा जुंपली, तेव्हा असं ठरलं की ज्यांचे पायलट विमानात बसून सोलापूरच्या टॉवरला आधी 'तयार' म्हणून कळवतील, आजचा दिवस त्यांचा. दुसऱ्या विमानाची माणसंही त्यांनीच न्यायची. दोन्ही विमानं निम्मीच भरलेली, त्यामुळे जागेचा प्रश्न नव्हता.

पुढचं सांगताना आत्ताही मला धाप लागते. चौघेही एकदम दाराकडे धावलो आणि दारात अडकलो. काव्याचा बूट निघाला, तो तिने हातात घेतला. मी आणि वरद ढुंगणाला पाय लावून पळत सुटलो. डांबर तापून मऊ झालेलं. मागून काचेला नाक लावून प्रवासी ओरडत होते. कुठल्या कंपनीला ओरडतात हे त्यांनाही ठाऊक नसावं, पण सोलापूरच्या माणसाला शर्यत दिसली की पुरे. मला असा आनंद कित्येक दिवसांत झाला नव्हता. निदान पळायला तरी मिळालं होतं.

पण सर ते सर. साठीला आलेला माणूस आमच्या आधी आपल्या विमानाचा जिना चढला. मी डाव्या खुर्चीत पडले, पट्टे आवळले आणि आम्ही एकेक गोष्ट मोठ्याने बोलत तपासायला लागलो, मी विचारायचं, वरदने हात लावून उत्तर द्यायचं. यातलं निम्मं गाळलं असतं तर आम्ही जिंकलो असतो. वरदने माझ्याकडे तसं बघितलंही. मी पुढचं विचारलं. आमचं निम्मं होतंय तोवर कानात सरांचा आवाज आला. टॉवरला हाक मारत होते.

संपलं, म्हणून मी डोळे मिटले.

सरांनी रेडिओवर इंग्रजीतच सांगितलं, पण अर्थ असा: बालाघाटचा क्रू आज उडायला पात्र नाही. दोन्ही पायलटांनी एकाच डब्यातलं खाल्लंय.

हा नियम आमच्या धंद्याबाहेर कुणाला माहीत नसतो. उडण्यापूर्वी कॅप्टन आणि सहवैमानिक यांनी एकच अन्न खायचं नाही. बाधलं तर दोघे एकदम आडवे होतील आणि विमान चालवायला कुणी उरणार नाही. शिकत असताना सरांनी माझ्या हातातला अर्धा वडा काढून घेतला होता याच नियमापायी. पण आज आधी उडायचंच नव्हतं आणि मग पळापळ झाली, त्यात नियम सगळेच विसरले. आमच्यात वरदने खाल्लं होतं, मी उपाशी होते. खोलीत आम्ही चौघेच होतो, म्हणजे सर बोलले नसते तर कुणाला कळलं नसतं.

तपासणी पूर्ण झाली, मी टॉवरला 'तयार' म्हणून कळवलं, तेव्हा माझा आवाज कापत होता. आनंदाने, आणि थोडा रागानेही. मला वाटलं, पोरीची दया आली म्हाताऱ्याला.

दोन्हीकडचे प्रवासी चढायला लागले. सगळ्यात शेवटी जिन्याशी सर आले. खांद्यावरच्या पट्ट्या काढलेल्या, हातात बॅग. कंपनीने मुंबईला बोलावून घेतलं होतं, जाब द्यायला. काव्या विमानापाशी थांबणार होती. मी उठून दारात गेले आणि विचारायचं ते विचारलंच.

"सर, भीक घातलीत का मला?"

"भीक कसली गं यव्वा? एकच चटणी दोघांच्या पोटात हाय. वर गेल्यावर कळ आली तर मागची माणसं काय तुझ्या रागावर उतरवायची?" मग त्यांनी बॅग खाली ठेवली. "दुसऱ्या कंपनीचा पायलट हाय मी. मला घ्यायचं का न्हाय ते कॅप्टननं ठरवायचं असतंय. येऊ का आत?"

ज्यांच्यासमोर मी उभं राहायला भीत असे, ते माझ्या विमानाच्या पायरीवर माझी परवानगी मागत होते. बरंच काही बोलायचं होतं. नोकरी जाईल का, असंही विचारायचं होतं. तोंडातून फक्त "या" एवढं निघालं. मुंबई थांबणार नव्हती.

पहिल्याच रांगेत आबा खिडकीशी बसले होते, पट्टा जरा जास्तच आवळून. त्यांच्या शेजारची सीट रिकामी होती, सर तिथे बसले. आबांनी सरांना ओळखायचं काही कारण नव्हतं. साध्या पांढऱ्या शर्टातला, पळून पळून घामाघूम झालेला एक माणूस, एवढंच त्यांना दिसलं. आमच्या पुढच्या केबिनचं दार अजून उघडं होतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"पयल्यांदाच बसताय जणू," आबा म्हणाले. "लई घाम आलाय तुमाला. भिऊ नगा. चालवणारी माजी पोरगी हाय."

मी हातातलं काम थांबवून मागे वळून बघितलं. तीस वर्षं विमान चालवलेल्या त्या माणसाने मान हलवली. दुसऱ्याच्या विमानात बसले की सर उतरेपर्यंत प्रत्येक आवाज टिपत, ताठ जागे राहतात, हे आमच्यात सगळ्यांना माहीत होतं.

"व्हय का?" सर म्हणाले. "मग झोपतो की जरा."

आणि दार बंद व्हायच्या आत त्यांनी खरंच डोळे मिटले.