तेराव्या गाईचं चित्र

मी जलरंगातलं एक चित्र. माझ्यात आल्प्सची दरी आहे, धुकं आहे, धबधबा आहे आणि गाई आहेत. जिनिव्हाला शिकायला गेलेल्या रेगुलाने मला तिथल्या एका चित्रकाराकडून मागून घेतलं आणि गावी आणलं, कारण ही दरी तिच्याच गावची. तिला वाटलं होतं, आपण राहतो ती जागा इतकी सुंदर आहे हे गावकऱ्यांना मला पाहून प्रथमच कळेल आणि त्यांचे डोळे भरून येतील.

गावकऱ्यांनी गाई मोजल्या.

"तेरा," मेल्खिओर पंच म्हणाला. "वरच्या कुरणावर हक्क बारा गाईंचा. तेरावी कुणाची?"

सगळ्यांनी रेगुलाच्या बापाकडे पाहिलं. तीस वर्षं त्या कुरणाचा गुराखी तोच.

"अहो काका," रेगुला म्हणाली, "ती खरी गाय नाही! कोपरा रिकामा दिसत होता, म्हणून चित्रकाराने घातली. सौंदर्यासाठी!"

"सौंदर्यासाठी असो नाहीतर लोण्यासाठी. गवत तर आमचंच खाल्लं ना?"

"पोट बघा की तिचं!" मागून एक म्हातारी म्हणाली. "उपाशी गाय अशी दिसते होय?"

पोट भरलेलं आहे खरं. चित्रकाराकडे तपकिरी रंग उरला होता.

पंचाने निवाडा दिला: उद्या दुपारपर्यंत गाईचा धनी पुढे आला नाही, तर गुराखी बदलायचा.

घरी आल्यावर रेगुला म्हणाली, "बाबा, ती गाय तुम्ही कधी पाहिलीच नाही, असं ठणकावून का नाही सांगितलंत?"

"तेच तर गं," बाप कळवळून म्हणाला. "तीस वर्षं गुरं राखली, आणि एक अख्खी गाय नजरेतून सुटली!"

रेगुलाने ओला बोळा उचलला. मला पुसायला तेवढा पुरे. भीतीने माझा कागद आक्रसला. पण तिचा हात थबकला. आज गाय पुसली, तर उद्या हे लोक धुक्यालाही जाब विचारतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा निश्चय झाला. तिने माझ्या चौकटीला घंटा बांधली आणि भर गावातून मला पंचाच्या दारी नेलं.

"गाय माझी," ती म्हणाली. "बाबांचा दोष नाही. ही बघा, कुरणावरून खाली उतरवली."

मेल्खिओरने मला नीट न्याहाळलं. "दूध देते?"

"अजून नाही."

"मग गोठ्यात बांध."

बापाचं काम टिकलं. मी गोठ्यात आहे. तो रोज माझ्यापुढे मूठभर गवत टाकतो आणि माफी मागतो. माझी एकच विनंती आहे: मला जरा उंच टांगा. शेजारच्या गाईची जीभ फार लांब आहे, आणि काल तिने धबधबा चाटला.