मोकाट उडी

आश्विनातली उतरती दुपार. धरणाच्या निळ्या-नितळ जलाशयावर सोनसळी ऊन पसरलं होतं. लव्हाळ्यांचे रुपेरी तुरे वाऱ्यावर लवत होते, उठत होते, पुन्हा लवत होते.

आणि त्या प्रकाशस्नात काठावर, मत्स्यबीज केंद्राच्या कोरड्या हौदापाशी, हेरंब दातार मान खाली घालून उभा होता.

हौदाच्या तळाशी रोहूची पिल्लं पडली होती. बोटभर लांबीची, चंदेरी, निश्चल. हजारो.

हेरंब संगणकाच्या भाषा घडवणारा. त्याची भाषा गणितासारखी शुद्ध, सूत्रबद्ध. तीत त्याने एक आज्ञा ठेवली होती, ‘उडी’. चाललेलं काम अर्ध्यावर टाकून हव्या त्या ठिकाणी क्षणात नेणारी. अनिर्बंध, अवखळ, विद्युल्लतेसारखी उडी. तिचा त्याला केवढा अभिमान होता.

सहा महिन्यांपूर्वी, भरल्या बैठकीत, त्याची सहकारी रेवती सांगळे म्हणाली होती, “सर, उडीला कुंपण हवं. जे उघडलंय ते बंद केल्याशिवाय तिला बाहेर पडू देऊ नये.”

“कुंपण गुरांसाठी असतं, रेवती.”

तो हसला होता. बैठक हसली होती. रेवतीने वही मिटली होती, अगदी हळू.

आज सकाळी केंद्राच्या, त्याच भाषेत लिहिलेल्या आज्ञावलीने पाणी बदलण्यासाठी हौदाची झडप उघडली. तेवढ्यात शेजारच्या हौदातून तापमानाचा इशारा आला, आणि आज्ञावलीने उडी घेतली. झडप मिटण्याची ओळ मागेच राहिली. पाणी गेलं, निमूट, निःशब्द, शेवटच्या थेंबापर्यंत सगळं गेलं.

पिल्लं सांभाळणाऱ्या ठकूबाई तारू कडेला बसल्या होत्या. “आमचंच चुकलं आसंल, सायेब,” त्या म्हणाल्या. “पान्याजवळ मानूस पायजे व्हतं.”

त्या शब्दांत राग असता तर त्याला उभं राहता आलं असतं. राग नव्हता. लाज त्याच्या कानशिलांतून उतरली, तळव्यांपर्यंत तापत गेली.

“तुमचं नाही, बाई. मला आधीच सांगितलं होतं एकीने. मी हसलो.”

तिथूनच त्याने रेवतीला फोन केला, सगळं सांगितलं.

“कुंपण घाल,” तो म्हणाला. “तुझ्या नावाने. बैठकीत मी सांगेन, का हसलो ते.”

“का हसलात?”

“मला सुचलं नव्हतं म्हणून.”

 ती म्हणाली, “आज संध्याकाळीच बसते. तोवर तिथल्या झडपा हाताने चालवायला सांगा.”

हेरंबने फोन ठेवला. बूट काढले, हौदात उतरला. ठकूबाईंनी टोपली पुढे सरकवली. दोघं वेचू लागली. ओंजळीमागून ओंजळ, ओंजळीमागून ओंजळ. चंदेरी खवले त्याच्या बोटांना चिकटले, मनगटांवर चढले, आणि पश्चिमेच्या तांबूस उजेडात त्याचे दोन्ही हात लखलखत राहिले, पुसावेत असं न वाटणारे, लपवायला जागा नसलेले.