पंधरा दिवसांचा चेहरा

बावीस वर्षं झाली मले पुलगावात हिरालाल शेठच्या दुकानी पातळं दाखवून, अन् हा मानूस मले म्हनते, "जयाबाई, पुढच्या गादीवर आता जवान चेहरा पाह्यजे." डोस्कं असं भनकलं माह्यं! स्वतःचे लोंबते गाल आरशात पाह्यले असते त लाजला असता लेकाचा.

मंग त्यानं ड्रॉवरमधून एक हातातली मशीन काढली, दोन गोल गोळ्यांची, गालाले बारीक करंट देनारी. "रोज धा मिनिटं चेहऱ्यावर फिरवा. पंधरा दिवसांत सुरकुत्या गेल्या त गादी तुमची. नाई त मांगं गोदामात घड्या घालत बसा." वरून माह्या चेहऱ्याचा फोटोही काढला. काऊन काढला, ते मागाहून समजलं.

फिरवली बाप्पा! जेल लावून, मुंग्या सोसून, इमानदारीनं. घंटाभर गाल ताठ वाटे. दुपारचं जेवन होईस्तोवर जसेच्या तसे.

पंधराव्या दिवशी हिंगणीची रुख्माबाई नातीच्या लग्नाचा बस्ता बांधाले आली, संगं बारा बाया. त्या घराचे तीन बस्ते मीच बांधून देल्ले. रुख्माबाई दर पातळाले एकच इचारते, "जया, रंग जाईन का?" जाईन त जाईन म्हनतो मी, शेठ कितीही डोये वटारो.

बस्ता अर्धा झाला अन् शेठनं मशीनीचे खोकेच आनून मांडले. इकाले! हरेक खोक्यावर माहा त्या दिवशीचा फोटो. "पाहा, ही पह्यलेची जयाबाई अन् ही आताची! सांगा न जयाबाई." मंग कानाशी येऊन, "गोदाम ध्यानात ठेवजा."

रुख्माबाईनं मशीन आपल्या सुरकुतल्या गालाले लावून पाह्यली. "जया, होते का वं फरक?" रंगाचं इचारते तशीच.

अंगाची लाही लाही झाली माह्या. "नाई होत, बाई! पंधरा दिवस फिरवली मी. घंटाभर गाल ताठ, मंग जसेच्या तसे. अन् हा शेठ माह्या थोबाडावर धंदा करून राह्यला!"

"मांगं व्हा! आत्ताच्या आत्ता!" शेठ बोंबलला.

मी उठली. डोयात पानी आलं, रागाचं. गोदामात जाऊन फरशीवर बसली, त मांगून बांगड्या वाजल्या. दारात रुख्माबाई, अन् तिच्या मांगं बाराच्या बारा बाया.

"शेठ, पातळं इकडंच पाठवजा," तिनं आवाज देल्ला, अन् माह्यासमोर मांडी घालून बसली. "हं, दाखव जया."