मॅक्रे घराण्याची वंशवेल

शिरीषरावांनी कागदाची गुंडाळी इझोबेलच्या जेवणाच्या टेबलावर उलगडली, एका कोपऱ्यावर मुरंब्याची बरणी ठेवली, दुसऱ्यावर चष्म्याचं घर, आणि शाबासकीची वाट पाहत हात चोळत उभे राहिले.

दोन महिन्यांचं काम होतं. लेकीकडे परदेशात, स्कोफिल्ड्सला आल्यापासून दिवस खायला उठला होता, त्यात ही शेजारीण भेटली. चौऱ्याऐंशी वर्षांची, नव्या घरांच्या रांगांत एकटंच उरलेलं जुनं लाकडी घर सांभाळून असलेली. एके काळी ही सगळी जमीन तिच्या घराण्याकडे होती. तिच्यापाशी खोकंभर जुने कागद होते, आणि शिरीषराव पुण्यात अकरा वर्षं आपल्या घराण्याच्या कुलवृत्तांत मंडळाचे चिटणीस होते. कोण कोणाचा मुलगा, हे शोधण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

इझोबेलने भिंग उचललं. वेलीच्या तळाशी डोनाल्ड मॅक्रे होता, १८५३ साली बायको आणि दोन लेकरं घेऊन स्कॉटलंडहून जहाजाने निघालेला. धाकटी वाटेतच गेली, तिला समुद्रात सोडावं लागलं. इझोबेलचं बोट तिच्या नावावर जरा थांबलं, मग फांदीफांदीने वर चढत गेलं. शेंड्याला पोचलं आणि परत खाली आलं.

“शिरीष, यात मी कुठे आहे?”

“तुम्ही फ्लोराच्या नात. फ्लोरा ही इथे.” त्यांनी एका पोकळ गोलावर बोट ठेवलं. “लेकीचं नाव लिहायचं आणि पुढे गोल काढायचा. वेल तिथे थांबते. पुढचं तिच्या सासरच्या पुस्तकात.”

“कुठलं सासर?” इझोबेलने भिंग खाली ठेवलं. “फ्लोराचे दोन भाऊ लढाईत गेले. तिसऱ्याने लग्नच केलं नाही. माझे आजोबा इथे धारा काढायला गडी म्हणून आले आणि मरेपर्यंत इथेच राहिले. चाळीस वर्षं डेअरी चालवली ती फ्लोराने.”

शिरीषरावांनी गोलावरचं बोट उचललं.

“रविवारी माझ्याकडे बेचाळीस माणसं येणार आहेत. सगळी फ्लोराची. हे भिंतीवर लावलं, तर त्यातलं एकही यावर सापडायचं नाही.”

ती हसायला लागली, पण डोळे भरून आले होते. शिरीषरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“पुन्हा काढतो. रविवारच्या आत.”

“नो वरीज. आणि एक कर. डोनाल्डच्या खाली जागा मोकळी सोड. तो आला तेव्हा ही जमीन रिकामी नव्हती. ओढ्याकाठी इथली मूळची माणसं राहत होती. आमच्या कागदांत त्यांच्यातल्या एकाचंही नाव नाही.”

“नावं ठाऊक नव्हती?”

“विचारली नाहीत,” इझोबेल म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते खिडकीपाशी नवा कागद घेऊन बसले. समोरच्या गॅरेजांच्या दारांवर ऊन पेंगत होतं. फ्लोराच्या नावापासून त्यांनी पहिली फांदी काढली, मग दुसरी, आणि लिहितालिहिता वाटलं, गॅरेजं जरा बाजूला सरकली आहेत. मधून गाई चालल्या आहेत, सावकाश, एकामागे एक. त्यांच्यामागे एक बाई, दोन्ही हातांत दुधाचे कॅन. तिने वळून पाहिलं नाही. रस्त्यावरून गाडी गेली आणि गॅरेजं पुन्हा जागच्या जागी आली.

“बाबा, चहा गार झाला,” नीरजा म्हणाली. “कुठे हरवलात?”

“आपल्या कुलवृत्तांतात तुझ्या नावापुढे गोल आहे.”

“माहितेय की! वरुणदादा अजून चिडवतो, बाबांनी तुला झीरो मार्क्स दिलेत म्हणून.” तिने कप उचलला आणि तशीच उभी राहिली. “मला निदान गोल तरी मिळाला. चित्राआत्याला तोही नाही.”

चित्रा त्यांची धाकटी बहीण. तिने जातीबाहेर लग्न केलं म्हणून मंडळाने तिचं नाव गाळायचं ठरवलं. निर्णय मंडळाचा होता, पण पेन शिरीषरावांच्या हातात होतं. पुस्तक छापून आलं त्या वर्षी ती भाऊबीजेला आली नाही. का, ते त्यांनी विचारलं नाही. त्याला आता एकोणीस वर्षं झाली होती.

रविवारी इझोबेलच्या भिंतीपाशी ही गर्दी झाली. बाप पोरांना उचलून त्यांची नावं दाखवत होते. तळाशी वीतभर कागद कोरा होता. तो का, हे विचारेल त्याला इझोबेल सांगत होती.

शिरीषराव व्हरांड्यात आले. पुण्यात सकाळचे साडेनऊ झाले असतील. नीरजाकडून घेतलेला नंबर त्यांनी लावला.

“चित्रा, शिरीष बोलतोय.”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

“तुझ्या नातवंडांची नावं मला ठाऊक नाहीत,” ते म्हणाले. “मी कधी विचारलीच नाहीत. माझं चुकलं. सांगतेस?”

“आज सुचलं, दादा?”

“हो. आज.”

आत कोणीतरी मोठ्याने हसलं. शिरीषरावांनी फोन कानाशी घट्ट धरला. ती ठेवून देईल असं वाटत होतं, आणि ठेवला असता तरी त्यांना बोलायला तोंड नव्हतं.

“पेन आहे का हातात?” चित्राने विचारलं.

“आहे.”

“मग आधी माझं लिही.”